३१ डिसेंबर ९९९९: काल, आज आणि उद्याची नोंद

आजचा एपिसोड एका एसीच्या बिलापासून सुरू होतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी एसी घेतला. मूळ किंमत ३०,०००, वर २८ टक्के जीएसटी, म्हणजे ३८,४०० रुपये. ऑक्टोबर हीटमध्ये तो एसी गार करेना. वॉरंटीसाठी बिल हवं, आणि बिल घरात सापडेना. दुकानात गेलो. काका म्हणाले, "काळजी करू नका, कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे." त्यांनी बिल नंबर शोधला आणि प्रिंट हातात दिली. नाव माझं, तारीख ऑगस्टची, आणि रक्कम ३५,४००.

मी चक्रावलो. काकाही चक्रावले. कंपनीचा माणूस म्हणाला, "पेमेंट ३८,४०० चं दिसतंय, बिल ३५,४०० चं आहे. हे बिल नक्की याच एसीचं का?"

झालं होतं ते असं. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलनं दर बदलल्याचं जाहीर केलं. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. काकांच्या स्वस्तातल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिलावर फक्त वस्तूचा नंबर साठवलेला होता. कराचा दर बिलात नव्हताच, तो वस्तूंच्या यादीत होता. प्रिंट काढताना प्रोग्रॅम यादीत डोकावतो, आज जो दर दिसेल तो लावतो आणि बिल छापतो. २२ तारखेला सकाळी दुकानातल्या मुलानं यादीत २८ खोडून १८ टाकले, आणि त्या क्षणी दुकानाची मागची सगळी एसीची बिलं बदलली. कुणीही एकाही बिलाला हात न लावता.

चांगली सॉफ्टवेअर्स असं करत नाहीत, ती विक्रीच्या वेळचा दर बिलावरच उतरवून ठेवतात. पण हा घोटाळा इतक्या ठिकाणी होतो की मला प्रश्न पडला, एवढी साधी गोष्ट मशीनला का कळू नये? काल काय होतं, आज काय आहे आणि उद्यापासून काय असणार आहे, हे तिन्ही एकाच वेळी लक्षात ठेवायला काय अडचण आहे? शोधायला लागलो तर उलटंच निघालं. माणसाला हे शेकडो वर्षांपासून येत होतं. कॉम्प्युटर आल्यावर आपण ते विसरलो.

वहीपासून सुरुवात करू. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूनं गणितावरचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यात एक प्रकरण होतं व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं. पद्धत पाचोलीनं शोधलेली नव्हती, इटलीतले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्यानं ती लिहून छापली. तीन वह्या. पहिली कच्ची टिपणवही, घडेल ते लगेच लिहायची. दुसरी रोजकीर्द, तारीखवार. तिसरी खतावणी, माणसावार आणि खात्यावार. हे शब्द तुमच्या आजोबांना विचारा, दुकान असेल तर त्यांना पाठ असतील. आपल्याकडेही दफ्तरात हीच शिस्त होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशव्यांच्या रोजकीर्दी रुमालात बांधून ठेवलेल्या आहेत, मोडी लिपीत.

या वह्यांचा एक नियम आहे. चुकलं तर खोडायचं नाही. चुकीची नोंद तशीच राहू द्यायची आणि तिच्याविरुद्ध उलट नोंद टाकायची. रामच्या खात्यात शामचे ५०० पडले, तर रामच्या खात्यातून ५०० उलटे काढायचे आणि शामच्या खात्यात घालायचे. शेवटी शिल्लक बरोबर येते आणि चूक झाली होती हेही कागदावर राहतं. खाडाखोड केलेली वही कोर्टात दाखवली तर समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल, सांगायला नकोच.

आपल्याकडे याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे सातबारा. हसू नका. सातबाऱ्यावर आजचा मालक असतो. जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत, ते कंसात जातं. ते कंसात का गेलं याचा नंबर शेजारी असतो, तो फेरफाराचा. तो नंबर घेऊन फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये गेलं की खरेदी, वारस, वाटणी, जे काय झालं असेल ते तारखेसकट सापडतं. हा झाला भूतकाळ.

आता भविष्यकाळ बघा. तुम्ही जमीन विकली की सातबारा त्याच दिवशी बदलत नाही. आधी फेरफाराची नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर ती नोंद अधांतरी असते. ऑनलाइन सातबाऱ्याच्या खाली "प्रलंबित फेरफार" अशी एक ओळ असते ना, ती हीच. एका कागदावर कोण होता, कोण आहे आणि कोण येऊ घातलाय, तिन्ही. तलाठी कार्यालयाला आपण कितीही नावं ठेवली तरी ही रचना काकांच्या सॉफ्टवेअरपेक्षा हुशार आहे.

मग मशीनमध्ये गडबड कुठे झाली?

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मशीनमध्ये ती नव्हती. १९५० च्या दशकात धंद्याचे हिशेब चुंबकीय टेपवर गेले. टेपवर मधलीच एक ओळ बदलणं अवघड असतं. म्हणून रोज रात्री काय करायचे? कालची मुख्य टेप एका बाजूला, आजच्या व्यवहारांची टेप दुसऱ्या बाजूला, दोन्ही वाचत तिसऱ्या कोऱ्या टेपवर नवी मुख्य टेप लिहायची. जुनी टेप तशीच्या तशी शिल्लक राहायची. निदान तीन पिढ्या कपाटात ठेवायचा रिवाज होता आणि त्यांना खरंच आजोबा, बाप आणि मुलगा म्हणत. इतिहास जपावा म्हणून कुणी हे केलं नव्हतं. टेपच तशी होती, म्हणून तो आपोआप जपला गेला.

आणि मग १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक आणलं. पहिली व्यापारी हार्ड डिस्क. २४ इंचांच्या ५० तबकड्या एकावर एक, अख्ख्या कपाटाएवढं धूड, आणि मावायची किती तर ५० लाख अक्षरं. तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात जेमतेम बसला असता. पण तिची करामत वेगळी होती. हव्या त्या जागी थेट जा, वाच, आणि त्याच जागी नवीन लिही. टेप पहिल्यापासून फिरवायची गरज नाही. ग्राहकाचा पत्ता बदलला? जुन्याच्या डोक्यावर नवा लिही. काम झालं.

जुना पत्ता कुठे गेला? कुठेच नाही. संपला.

त्या काळी डिस्कची जागा सोन्याच्या भावाची होती, त्यामुळे जुनं जपून ठेवणं ही चैन वाटायची. तारखेतले वर्षाचे पहिले दोन आकडेसुद्धा वाचवले जायचे, १९६५ ऐवजी नुसतं ६५. त्याची फळं पुढे मिळाली. १९९० च्या दशकात ज्यांची मुदत २००० साली संपणार अशी क्रेडिट कार्डं निघाली, आणि काही मशीन ती नाकारायला लागल्या. कारण मशीनच्या लेखी ००, म्हणजे कार्ड कधीच बाद झालेलं. उद्याची नोंद ठेवायला मशीनकडे जागाच नव्हती.

१९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं डेटा तक्त्यांमध्ये मांडायची कल्पना दिली, आणि आज जवळपास सगळा धंदा त्या तक्त्यांवर चालतो. कल्पना सुंदरच आहे. पण व्यवहारात प्रत्येक तक्ता झाला आजचा फोटो. पुढे एसक्यूएल भाषा आली, त्यात अपडेट नावाची आज्ञा आली, आणि अपडेट म्हणजे फोटोतला चेहरा बदलायचा, आधीचा फोटो फेकून द्यायचा.

हे कुणाला खटकलं नाही असं नाही. १९८१ मध्ये जिम ग्रे या डेटाबेसमधल्या मोठ्या माणसानं एका निबंधात विचारलं, जागच्या जागी बदल करणं हे विषारी सफरचंद तर नाही ना? त्याचा मुद्दा साधा होता. कारकून मातीच्या विटांवर आणि कागदावर लिहीत होते तेव्हाही वही खोडत नव्हते, दुरुस्तीची नवी नोंद टाकत होते. आपण मात्र हा नियम मोडून बसलो, कारण डिस्क महाग होती. पाचोलीची वही ४८७ वर्षांनी कॉम्प्युटरवाल्यांना आठवली म्हणायची!

आता थोडं लक्ष द्या, आजच्या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग येतोय. आणि माझ्या मते सगळ्यात सुंदरही.

१९८५ मध्ये रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन या दोघांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, नुसतं "तारीख टाका" म्हणून भागत नाही, कारण प्रत्येक नोंदीला दोन वेगवेगळे काळ असतात. पहिला, ती गोष्ट जगात केव्हापासून केव्हापर्यंत खरी आहे. दुसरा, आपल्या वहीत ती केव्हा लिहिली गेली. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, म्हणून आपल्याला फरक कळत नाही.

घरातलं उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी कुणाचे आईबाबा राज्य सरकारी नोकरीत असतील तर सातवा वेतन आयोग आठवत असेल. महाराष्ट्रात त्याचे नियम निघाले २०१९ च्या सुरुवातीला, आणि ते लागू धरले १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे तीन वर्षं मागे जाऊन. मधल्या काळाची थकबाकी झाली.

आता मला सांगा, मार्च २०१७ मध्ये आईचा पगार किती होता?

हा प्रश्न २०१८ मध्ये विचारला असता तर उत्तर जुन्या वेतनश्रेणीतलं. २०२० मध्ये विचारलं तर नव्या. आणि दोन्ही उत्तरं बरोबर! पहिलं उत्तर म्हणजे तेव्हा आपल्याला जे माहीत होतं आणि खरंच हातात आलं ते. दुसरं म्हणजे आता कळलेलं हक्काचं. थकबाकी म्हणजे काय, तर या दोन उत्तरांमधला फरक. आता क्लार्कनं जुना आकडा खोडून नवा टाकला तर? आईला किती मिळायला हवं ते दिसेल, पण किती मिळालं होतं ते दिसणार नाही. थकबाकी काढायची कशातून? थोडक्यात, दोन्ही काळ जपले नाहीत तर माणसाचे पैसे बुडतात.

आणि उद्याचं काय? तेही याच चौकटीत बसतं. ३ सप्टेंबरला लिहिलं, २२ सप्टेंबरपासून खरं होणार. मधले १९ दिवस नोंद वहीत आहे, पण लागू नाही. काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना असता तर ४ तारखेलाच नवा दर भरून ठेवता आला असता, आणि २२ तारखेला कुणालाच सकाळी उठून काही बदलावं लागलं नसतं.

कल्पना १९८५ ची. मग बाजारात केव्हा आली? इथे मी थोडा वैतागतो. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि मंडळींनी पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बांधला. त्यात जुनी ओळ खोडायचीच नाही असं ठरवलेलं होतं. नवी ओळ शेजारी लिहायची, जुनी राहू द्यायची, आणि हव्या त्या तारखेला मागे जाऊन बघायचं. त्याला टाइम ट्रॅव्हलच म्हणायचे. पण वेग मंदावायचा, जागा फुगत जायची, म्हणून १९९० च्या दशकात ती सोय काढून टाकली. आज पोस्टग्रेस जगभर वापरतात. ते अजूनही नवी ओळ शेजारीच लिहितं, पण मागून व्हॅक्यूम नावाचा झाडूवाला येतो आणि जुन्या ओळी साफ करतो.

दरम्यान स्नॉडग्रास आणि इतरांनी एसक्यूएलमध्ये काळ घालायचा प्रस्ताव तयार केला. त्यावर ह्यू डार्वेन आणि ख्रिस डेट यांनी कडाडून टीका केली. काळ असा पडद्यामागे लपवू नका, इतर माहितीसारखा साध्या रकान्यांतच ठेवा, असं त्यांचं म्हणणं. वाद तात्त्विक होता आणि दोन्ही बाजू हुशार होत्या, त्यामुळे तो लांबला. शेवटी एसक्यूएलच्या मानकात ही सोय आली २०११ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ मध्ये. म्हणजे कल्पना सुचल्यापासून २६ वर्षांनी मानक, ३१ वर्षांनी ते उत्पादन. तोवर काकांच्या सॉफ्टवेअरसारखी हजारो सॉफ्टवेअर्स लिहून झाली होती.

"बिल चुकलं तर चुकलं, एवढं काय," असं कुणी म्हणेल. म्हणून ही पुढची गोष्ट.

ब्रिटनमध्ये छोटी पोस्ट ऑफिसं बरेचदा एखादा दुकानदार कंत्राटावर चालवतो. त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात. १९९९ पासून या शाखांमध्ये होरायझन नावाची कॉम्प्युटर यंत्रणा बसवायला सुरुवात झाली. पुढे ती फुजित्सू कंपनीकडे होती. थोड्याच दिवसांत शाखांमध्ये पैसे कमी दिसायला लागले. गल्ल्यात रोकड बरोबर, पण स्क्रीन म्हणते हजारो पाउंडांची तूट. कंत्राटाचा आधार घेऊन तूट सबपोस्टमास्टरकडून वसूल व्हायची. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. आणि ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं.

त्यात एक होत्या सीमा मिश्रा, सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं की शाखेचे हिशेब बाहेरून कुणी बदलू शकत नाही. अॅलन बेट्स आणि इतरांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं निकाल दिला. यंत्रणेत दोष होते, आणि फुजित्सूची माणसं दुरून शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होती, शाखेला पत्ता न लागता. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, त्यात सीमा मिश्राही होत्या. २०२४ मध्ये संसदेनं खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसल्या.

यातली मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. होरायझनमध्ये इतिहास नव्हता असं नाही. कोणतं बटण कधी दाबलं गेलं, याचा कच्चा तपशील एका वेगळ्या साठ्यात जमा होत होता. अपील कोर्टानं नेमकं यावरच बोट ठेवलं: अनेक खटल्यांत तो तपशील काढलाच गेला नाही, किंवा आरोपीला दिला गेला नाही. कोर्टात ठेवला गेला तो आजचा फोटो, "तूट इतकी". ती तूट कोणत्या नोंदींनी तयार झाली, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातानं, हे बघायला वही होती आणि ती उघडली गेली नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एक नियम लागू झाला आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर असं हवं की प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहील आणि ती नोंदणी बंद करता येणार नाही. याला ऑडिट ट्रेल म्हणतात. तुम्ही सीएकडे आर्टिकलशिप करत असाल तर या शब्दानं तुमचं डोकं उठलं असेल. टॅलीनं त्यासाठी एडिट लॉग नावाची आवृत्तीच काढली. पाचोलीचा नियम परत आला, यावेळी सरकारी आदेश म्हणून.

मग सगळं कायमचं जपायचं का? तिथेही घोळ आहेच. जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवा. आणि २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा म्हणतो, ग्राहकानं सांगितलं आणि कायद्यानं जपायची गरज नसेल, तर त्याची माहिती पुसा. एकाच ओळीत बिलाची रक्कमही आहे आणि माझा मोबाइल नंबरही. काय ठेवायचं आणि काय पुसायचं? ज्यांना न खोडण्याची सवय लावायला ३० वर्षं लागली, त्यांना आता नीट खोडायला शिकायचं आहे.

माझ्या एसीचं काय झालं, तर काकांनी विक्रीच्या दिवशी बिलाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. स्क्रोल करत करत ऑगस्टपर्यंत गेलो, सापडली. ३८,४००. वॉरंटीचं काम झालं.

काकांनी सॉफ्टवेअरवाल्या पोराला बोलावून घेतलं. त्यानं दराच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने घातले, "पासून" आणि "पर्यंत". एसीच्या आता दोन ओळी आहेत. २८ टक्के, १ जुलै २०१७ पासून २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत. १८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून. काकांनी लगेच विचारलं, "२२ तारीख दोन्हीकडे कशी?" बरोबर पकडलं त्यांनी. "पर्यंत" म्हणजे त्या दिवसाच्या आधीपर्यंत, तो दिवस धरायचा नाही. एसक्यूएलच्या मानकातही असंच आहे. त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये फट राहत नाही आणि एक दिवस दोन ओळींत मोजला जात नाही.

आणि दुसऱ्या ओळीचा "पर्यंत"? हा दर कधी संपणार हे कुणालाच माहीत नाही. तिथे त्या पोरानं टाकलं ३१ डिसेंबर ९९९९. जगभरातले प्रोग्रॅमर हेच टाकतात, कारण चार आकडी वर्षात याच्या पुढची तारीख लिहिता येत नाही.

काकांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "मग १ जानेवारीला परत तुला बोलवायचं का?"